कॉल चालू असताना सर्व्हर बदलला तर? फोन सिस्टिमचं लाइव्ह मायग्रेशन समजून घेऊया

बँकेच्या किंवा हॉस्पिटलच्या नंबरवर फोन लावला की "मराठीसाठी ३ दाबा" असा आवाज येतो. हा आवाज नेमका कुठून येतो, याचा कधी विचार केलाय?

पूर्वी ऑफिसच्या कोपऱ्यात भिंतीवर एक डबा असायचा आणि त्यातून वायरींचं जंजाळ निघालेलं असायचं. त्याला सगळे ईपीएबीएक्स म्हणायचे. आज बऱ्याच ठिकाणी तो डबा गेलाय. त्याचं काम आता एक सॉफ्टवेअर करतं आणि ते सॉफ्टवेअर एका व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे मोठ्या सर्व्हरच्या आत चालणाऱ्या 'नकली' कॉम्प्युटरवर चालतं. ॲस्टेरिस्क हे त्यातलं सगळ्यात माहितीतलं नाव. मार्क स्पेन्सरने ते १९९९ मध्ये सुरू केलं आणि ते फुकट मिळतं.

आता हे व्हर्च्युअल मशीन ज्या खऱ्या सर्व्हरवर चालतंय, त्याची रॅम बदलायची आहे. सर्व्हर बंद करावा लागणार. पण त्याच क्षणी ६० लोक फोनवर बोलतायत. मग काय करायचं? इथे लाइव्ह मायग्रेशन येतं. चालू व्हर्च्युअल मशीन, चालू कॉलसकट, उचलून दुसऱ्या सर्व्हरवर नेऊन ठेवायचं. जाहिरातीत याला 'झिरो डाउनटाइम' म्हणतात. हा झिरो किती खरा, तेच आज बघूया. कारण मी एकदा त्या झिरोवर विश्वास ठेवला होता.

सकाळी ११ वाजता केलेली चूक

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे एका हॉस्पिटलच्या सर्व्हरचं काम होतं. फोन सिस्टिम, म्हणजे ॲस्टेरिस्कचं मशीन, एका होस्टवरून दुसऱ्या होस्टवर हलवायचं होतं. रात्री जागण्यापेक्षा सकाळीच उरकू म्हटलं, झिरो डाउनटाइमच आहे ना! ११ वाजता बटण दाबलं. अर्ध्या-पाऊण मिनिटात स्क्रीनवर हिरवी खूण आली: मायग्रेशन यशस्वी, डाउनटाइम ८७ मिलिसेकंद. मी चहा घ्यायला उठलो.

दोन मिनिटांनी रिसेप्शनच्या ऑपरेटर ताई स्वतः वर आल्या. फोनच बंद असल्यामुळे फोन करून सांगायची सोय नव्हती. सगळ्या वॉर्डांचे इंटरकॉम मुके झाले होते. बाहेरून येणारे कॉल लागत नव्हते. स्क्रीन मात्र अजून हिरवीच. मशीन परत जुन्या होस्टवर नेलं तेव्हा सगळं सुरू झालं. एकूण चार मिनिटं गेली. तेवढ्यात ताईंनी आपल्या मोबाईलवरून कॅज्युअल्टीच्या सिस्टरना फोन करून ठेवला होता, म्हणून निभावलं.

८७ मिलिसेकंद आणि चार मिनिटं, दोन्ही आकडे खरे होते. असं कसं, हे कळायला आधी लाइव्ह मायग्रेशन आतून कसं चालतं ते बघावं लागेल.

चालू मशीन हलवतात कसं?

समजा एका वाण्याला दुकान शेजारच्या गाळ्यात हलवायचंय, पण गिऱ्हाईक तोडायचं नाही. तो काय करेल? जुनं दुकान चालू ठेवून एकेक पोतं, एकेक डबा नव्या गाळ्यात नेईल. पण तोवर जुन्या दुकानात विक्री चालूच आहे, त्यामुळे नेलेल्या मालाचे हिशेब बदलतायत. म्हणून तो एक चोपडी ठेवेल: काय काय बदललं. दुसऱ्या फेरीत फक्त तेवढंच न्यायचं. तिसऱ्या फेरीत त्याहून कमी. शेवटी इतकं थोडं उरतं की दोन मिनिटं शटर ओढून ते एकदम नेता येतं, आणि नवं शटर उघडतं.

व्हर्च्युअल मशीनमध्ये माल म्हणजे रॅम. हायपरव्हायझर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, रॅमचे छोटे तुकडे नेटवर्कवरून दुसऱ्या होस्टला पाठवत राहतं. या तुकड्यांना पेज म्हणतात आणि नेहमीच्या संगणकांत एक पेज ४ केबीचं असतं. पाठवल्यानंतर जे पेज बदललं ते 'डर्टी' झालं, म्हणजे पुन्हा पाठवायचं. या पद्धतीला प्री-कॉपी म्हणतात. शटर ओढण्याचा क्षण म्हणजे मशीन पूर्ण थांबतं तो वेळ, आणि डाउनटाइम तो हाच.

आकड्यांत बघूया. मशीनला ४ जीबी रॅम आहे आणि होस्टमधलं नेटवर्क १ गिगाबिटचं, म्हणजे सेकंदाला साधारण ११० एमबी. पहिली फेरी सुमारे ३७ सेकंदांची. समजा सेकंदाला १० एमबी डर्टी होतंय. मग ३७ सेकंदांत ३७० एमबी बदललं. ते पाठवायला ३.४ सेकंद, त्या वेळात बदललं ३४ एमबी. ते पाठवायला ०.३ सेकंद, बदललं ३ एमबी. आता मशीन थांबवायचं आणि हे ३ एमबी पाठवायचं. लागले ३० मिलिसेकंदांच्या आत. प्रोसेसरची अवस्था वगैरे नेण्यात आणखी थोडा वेळ जातो, पण हिशेब असा आहे.

मशीन मेमरी जितक्या वेगाने बदलतंय, तितकाच वेग नेटवर्कचा असेल तर मात्र हे कधीच संपत नाही. मोठ्या डेटाबेसच्या बाबतीत असं होतं.

२००५ मध्ये केंब्रिज आणि कोपनहेगनच्या संशोधकांनी झेन या हायपरव्हायझरवर हे करून दाखवलं. व्हीएमवेअरने त्याआधी २००३ मध्येच व्हीमोशन बाजारात आणलं होतं, पण आतली पद्धत आकड्यांसकट उघड मांडणारा हा पेपर आजही वाचण्यासारखा आहे. त्यांच्या प्रयोगात एक मशीन क्वेक ३ या गेमचा सर्व्हर होता. लोक खेळत असताना त्यांनी तो हलवला आणि मशीन थांबलं फक्त ६० मिलिसेकंद. गेमर मंडळींना ६० पिंग म्हणजे काय ते सांगायला नको.

मग फोन सिस्टिम तर सोपीच असेल?

मेमरीच्या बाजूने बघाल तर हो. १०० कॉल चालू आहेत आणि सगळे रेकॉर्ड होतायत असं धरा. साध्या वेव्ह फाईलमध्ये एका कॉलचं रेकॉर्डिंग सेकंदाला १६ केबी भरतं. १०० कॉलचे झाले १.६ एमबी. बाकी पॅकेट येण्याजाण्याचे बफर तेच तेच वापरले जातात. डेटाबेसच्या मानाने हे काहीच नाही. मायग्रेशन पटकन संपतं आणि स्क्रीन हिरवी होते.

अडचण डेटा किती आहे यात नाही, तो कधी पोहोचतो यात आहे.

इंटरनेटवरून जाणारा आवाज छोट्या तुकड्यांत कापला जातो. जी.७११ हा ऑफिसच्या फोनमधला सर्रास वापरला जाणारा कोडेक. त्यात साधारणपणे २० मिलिसेकंदांचा आवाज एका पॅकेटमध्ये जातो, म्हणजे एका बाजूने सेकंदाला ५० पॅकेट. १०० कॉल, प्रत्येकाच्या दोन बाजू, म्हणजे सर्व्हरकडे सेकंदाला १०,००० पॅकेट येतात आणि तितकीच बाहेर जातात. ही पॅकेट यूडीपीवरून जातात. हरवलं तर हरवलं, पुन्हा कोणी पाठवत नाही. वेबसाइटचं पान ३०० मिलिसेकंद उशिरा उघडलं तर तुम्हाला कळतही नाही, कारण राहिलेला डेटा मागून येतो. पण बोललेल्या शब्दाचा तुकडा अर्ध्या सेकंदाने येऊन काय उपयोग? तोवर पुढचं वाक्य सुरू झालेलं असतं.

क्यूएमू, म्हणजे लिनक्सवरच्या केव्हीएमसोबत वापरलं जाणारं सॉफ्टवेअर, डाउनटाइमची मर्यादा मुळात ३०० मिलिसेकंद धरून चालतं. प्रॉक्समॉक्समध्ये हीच मर्यादा १०० मिलिसेकंद आहे. ३०० मिलिसेकंद म्हणजे प्रत्येक बाजूची १५ पॅकेट. फोनमध्ये गळलेला आवाज भरून काढायची युक्ती असते, ती आधीचाच आवाज ताणून पोकळी झाकते. जी.७११ साठी आयटीयूने दिलेल्या पद्धतीत हा ताणलेला आवाज हळूहळू कमी करत ६० मिलिसेकंदांपर्यंत पूर्ण शांत केला जातो. म्हणजे तीन पॅकेटपर्यंत झाकपाक होते, त्यापुढे सरळ शांतता.

३०० मिलिसेकंदांची शांतता फार वाटत नाही ना? आता हे वाक्य नेहमीच्या वेगात म्हणून बघा: "ती गोळी द्यायची नाही." यातला 'नाही' साधारण तेवढ्याच वेळात बोलून होतो. इंग्रजीत नकार वाक्याच्या मध्ये असतो, तो गेला तर वाक्य तुटल्यासारखं वाटून माणूस "काय?" म्हणून विचारतो. मराठीत 'नाही' शेवटी. तो गळला तरी मागे उरतं एक धडधाकट वाक्य, "ती गोळी द्यायची", आणि ऐकणाऱ्याला शंका घ्यायचं कारणच उरत नाही. हॉस्पिटलच्या इंटरकॉमवर हे व्हावं असं कोणालाच वाटणार नाही.

प्रत्येक कॉलला हा धोका असतोच असं नाही. फोन लावणं, रिंग वाजणं, कॉल कट करणं हे सिग्नलिंगचं काम सिप नावाच्या प्रोटोकॉलमधून होतं, आणि आवाज वेगळ्या वाटेने जातो. सिप तसं चिवट आहे. यूडीपीवर कॉलची विनंती हरवली तर अर्ध्या सेकंदाने पुन्हा जाते, मग एका सेकंदाने, मग दोन, आणि एकूण ३२ सेकंद तरी प्रयत्न चालू राहतो. त्यामुळे सर्व्हर पाव सेकंद झोपला तर सिग्नलिंगचं काही बिघडत नाही. आणि ॲस्टेरिस्कमध्ये 'डायरेक्ट मीडिया' चालू असेल, तर आवाज सर्व्हरला वळसा न घालता एका फोनवरून थेट दुसऱ्या फोनवर जातो. सिस्कोच्या कॉल मॅनेजरमध्ये तर आतल्या कॉलचा आवाज सहसा असाच थेट जातो. अशा वेळी सर्व्हर हलला तरी बोलणाऱ्यांना पत्ता लागत नाही.

पण रेकॉर्डिंग करायचं असेल, किंवा कॉल बाहेरच्या लाईनवर जात असेल, तर आवाज बहुतेक वेळा सर्व्हरमधूनच न्यावा लागतो. आमच्याकडे सगळे कॉल रेकॉर्ड होत होते.

८७ मिलिसेकंदांची चार मिनिटं कशी झाली?

आता त्या सकाळकडे परत येऊ. मशीन नव्या होस्टवर गेलं की हायपरव्हायझर नेटवर्कवर एक छोटी आरोळी ठोकतो: "हा मॅक ॲड्रेस आता इकडे आहे बरं का!" स्विच ती ऐकतो, आपल्या तक्त्यात पोर्ट बदलतो आणि पुढची पॅकेट नव्या दिशेला पाठवतो. ही आरोळी पोहोचलीच नाही, तर स्विच जुन्या पोर्टवरच पॅकेट फेकत राहतो, जिथे आता कोणीच राहत नाही.

आमच्याकडे फोनसाठी वेगळा व्हीलॅन होता. व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचवर आखलेली वेगळी गल्ली. नवा होस्ट ज्या पोर्टला जोडला होता, त्या पोर्टवर ही गल्ली उघडलीच नव्हती. मशीन छान जागं होतं, ॲस्टेरिस्क चालू होतं, पण त्याची आरोळीही बाहेर पडेना आणि पॅकेटही आत येईनात. एक ओळ राहिली होती, स्विचच्या सेटिंगमध्ये. मी तपासली नव्हती.

आणि हिरवी खूण? हायपरव्हायझर डाउनटाइम मोजतो तो मशीन थांबल्यापासून पुन्हा चालू होईपर्यंत. त्याच्या लेखी काम फत्ते. फोन कानाला लावलेल्या माणसाला आवाज कधी परत ऐकू आला, हे तो मोजतच नाही. व्हीलॅन बरोबर असतानाही स्विचला नवी दिशा कळेपर्यंतचा वेळ त्या आकड्यात नसतो.

त्या आकड्यात न येणारी आणखी एक गोष्ट म्हणजे थांबण्याआधीचा काळ. कॉपी चालू असताना मशीन चालू असतं, पण जरा धापा टाकत. कोणतं पेज बदललं याची नोंद ठेवायची असल्यामुळे लिहिण्याची कामं मंदावतात. पॅकेट २० मिलिसेकंदांच्या ठेक्याऐवजी कधी १५, कधी ४० अशी बाहेर पडतात. फोनमधला जिटर बफर हे सांभाळून घेतो, पण एका हद्दीपर्यंतच. मायग्रेशन संपत नसेल तर क्यूएमूमध्ये 'ऑटो-कन्व्हर्ज' नावाची सोय आहे, ती मशीनचा प्रोसेसर मुद्दाम हळू करते. सुरुवातच २० टक्क्यांनी होते आणि मग १०-१० टक्क्यांनी वाढत जाते. डेटाबेससाठी ठीक आहे. फोन सिस्टिमसाठी मी ती कधीच चालू करणार नाही. आवाज मिसळणाऱ्या मशीनचा गळा धरून "आता वेळेवर बोल" म्हणण्यातला प्रकार तो.

'पोस्ट-कॉपी' ही उलटी पद्धतही आहे. आधी मशीन नव्या होस्टवर चालू करायचं, मग मेमरी लागेल तशी मागून आणायची. थांबण्याचा वेळ कमी, पण मधेच नेटवर्क तुटलं तर अर्धं मशीन इकडे, अर्धं तिकडे, आणि दोन्ही निरुपयोगी. फोन सिस्टिमची मेमरी मुळात इतकी कमी बदलते की हा जुगार खेळायची गरज नसते.

काही मशीन हलतच नाहीत

तुमच्याकडे जुनी पीआरआय लाईन असेल, म्हणजे एका लाईनवर ३० कॉल येतात ती, आणि तिचं कार्ड सर्व्हरमध्ये बसवून थेट व्हर्च्युअल मशीनला दिलं असेल, तर लाइव्ह मायग्रेशन विसरा. कार्ड नेटवर्कवरून पाठवता येत नाही. लायसन्सचा यूएसबी डोंगल असेल तरी तेच. इंटेलच्या होस्टवरून एएमडीच्या होस्टवर चालू मशीन नेण्याच्या फंदातही पडू नका, प्रोसेसरच्या सूचना जुळल्या नाहीत तर मशीन पोहोचल्यावर कोसळू शकतं.

अजून एक गैरसमज खूप ऐकतो: "होस्ट जळाला तरी लाइव्ह मायग्रेशन आहे ना!" नाही. लाइव्ह मायग्रेशनला जुना होस्ट जिवंत लागतो, कारण मेमरी तिथूनच यायची आहे. होस्ट अचानक गेला तर मशीन दुसरीकडे नव्याने बूट होतं आणि चालू असलेले सगळे कॉल तुटतात.

कानाने मोजायचं कसं?

साधा पिंग सेकंदाला एकदाच जातो. ३०० मिलिसेकंदांचा खड्डा दोन पिंगच्या मधून सहज निसटतो आणि तुम्ही म्हणता, एकही पॅकेट गेलं नाही. म्हणून पिंगचं अंतर २० मिलिसेकंद ठेवा, आवाजाच्या पॅकेटइतकंच. जितकी पिंग हरवली, त्याला २० ने गुणा. काही लिनक्सवर इतक्या जलद पिंगसाठी रूट अधिकार लागतात.

त्याहून चांगला उपाय म्हणजे खरा कॉल. ॲस्टेरिस्कमध्ये 'मिलीवॉट' नावाचं ॲप आहे, ते १००४ हर्ट्झचा एकसुरी आवाज वाजवत राहतं. मोबाईलवर लिनफोनसारखं सॉफ्टफोन ॲप टाका, तो आवाज लावा आणि दुसऱ्या हाताने मायग्रेशन सुरू करा. बोलण्यात नैसर्गिक थांबे असतात, त्यात खड्डा लपतो. एकसुरी आवाजात लपत नाही. फ्रीपीबीएक्स असेल तर *४३ दाबून इको टेस्ट करता येते, तुम्ही आकडे म्हणत जा आणि कुठला आकडा परत येत नाही ते ऐका. घरी दोन छोटे पीसी असतील तर प्रॉक्समॉक्स टाकून हे सगळं स्वतः करून बघता येईल, एक रुपया न घालवता.

आणि खरी फोन सिस्टिम हलवण्याआधी त्याच व्हीलॅनमधलं एखादं रिकामं मशीन नव्या होस्टवर हलवून बघा. व्हीलॅनची ती राहिलेली ओळ मला अशीच पाच मिनिटांत सापडली असती.

शेवटी आम्ही काय केलं?

हॉस्पिटलला 'शांत वेळ' असा नसतोच. रात्री तीनलाही कॅज्युअल्टीचा फोन वाजतो. म्हणून आम्ही दुसरं ॲस्टेरिस्क मशीन उभं केलं आणि दोघांच्या पुढे कामाइलिओ हा सिप प्रॉक्सी ठेवला. मशीन हलवायचं असेल तेव्हा कामाइलिओला सांगायचं, नवे कॉल याच्याकडे पाठवू नकोस. जुने कॉल आपापल्या गतीने संपतात, मशीन हळूहळू रिकामं होतं.

मशीन रिकामंच करायचं तर मग रिबूट का नाही, असं तुम्ही विचाराल. करता येतं, आणि छोट्या ऑफिसला मी तेच सांगेन. आमच्याकडे वॉर्डांच्या फोनची नोंदणी त्याच मशीनवर होती. रिबूट केलं असतं तर ते सगळे फोन पुन्हा नोंदवले जाईपर्यंत वाजले नसते. शिवाय डॉक्टरांची एखादी कॉन्फरन्स तासभर चालू राहिली तर ती तोडायची नव्हती. मशीन जवळपास रिकामं असताना लाइव्ह मायग्रेशन केलं की दोन्ही गोष्टी वाचतात.

दुसऱ्या वेळी रात्री दीडला नवे कॉल वळवले आणि ॲस्टेरिस्कच्या कन्सोलवर चालू कॉलचा आकडा बघत बसलो. १४, ९, ४. एक कॉल बराच वेळ हलेना, एनआयसीयू आणि ब्लड बँकेमधला. तो संपेपर्यंत ११ मिनिटं थांबलो. मग हातात मिलीवॉटचा आवाज लावलेला मोबाईल धरून बटण दाबलं. आवाज एकदा बारीक तुटला आणि परत आला. तेवढ्यात ऑपरेटर ताईंनी खालून इंटरकॉम लावून विचारलं, झालं का तुमचं?